कानामागं ठेवलेलं बोट

डॉक्टर, आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते तसंच टाकून जाणं तुम्हाला शोभलं नाही, हे आधी सांगते. मग बाकीचं.

तुमची बातमी मला गाडीत कळली. अक्कलकोटची दुपारची फेरी होती. गाडी खच्चून भरलेली आणि मी मागच्या बाकापासून तिकिटं काढत पुढं येत होते. एका म्हातारबाबांनी शेजारच्याला कानडीत काहीतरी सांगितलं, त्यात तुमचं नाव आलं. इतक्या वर्षांच्या फेऱ्यांनंतर 'गेले' एवढं कानडीत मला कळतं. मी विचारलं, कोण गेलं बाबा? ते म्हणाले, मेंदूचे डॉक्टर, सकाळी छातीत कळ आली म्हणे. माझ्या हातात तिकिटाचं मशीन होतं. मी पुढच्या बाईला विचारलं, कुठं जायचं? तिनं सांगितलं, मी तिकीट दिलं. अक्कलकोट येईपर्यंत सगळ्यांना नीट तिकिटं दिली. स्टँडवर ड्रायव्हरला म्हटलं, तुम्ही चहा घेऊन या. गाडी रिकामी झाल्यावर मागच्या बाकावर बसून रडून घेतलं आणि परतीच्या फेरीची बेल मारली.

पेपरात तुमच्याबद्दल पुष्कळ छापून आलं. कुठं शिकलात, कुठल्या परिषदांना गेलात, कुणी शाल घातली. खरंच असणार ते. पण त्यात बोटाचं काही नव्हतं. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

प्रज्ञा चार महिन्यांची होती तेव्हा मी तिला तुमच्याकडे आणली. तिचं डोकं वाढत चाललं होतं आणि आमच्या सासूबाई घरभर कौतुक करत होत्या, डोकं मोठं म्हणजे पोरगी लई हुशार होणार. टाळू फुगलेली, डोळे सारखे खाली वळलेले, रात्रंदिवस किरकिर. मला काहीतरी खुपत होतं, पण पहिलटकरणीचं ऐकतो कोण? तुम्ही केसपेपरवरचं नाव वाचलंत, हसलात आणि म्हणालात, नाव राखेल ही, काळजी करू नका. त्या वेळी मला तुमचा रागच आला होता. माझं पोर मरतंय का जगतंय कळेना आणि तुम्ही हसता काय?

मग तुम्ही समजावून सांगितलंत. मेंदूत पाणी तयार होत असतं आणि आपोआप वाहून जात असतं. हिचा वाहून जायचा रस्ता अडलाय, म्हणून पाणी साचतंय आणि मेंदूला दाबतंय. "सोलापुरात नळाला पाणी येत नाही म्हणून भांडणं होतात," तुम्ही म्हणालात, "हिच्या डोक्यातलं पाणी जात नाही म्हणून आपल्याला भांडायचंय." डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत एक बारीक नळी घालायची, पाणी पोटात जाईल, तिथं ते जिरून जाईल. नळी जन्मभर राहील. कानामागं तिचा एक छोटा उंचवटा राहील, केस वाढले की दिसणार नाही. मला तेव्हा एवढंच ऐकू आलं, की दिसणार नाही.

घरी सोडायच्या दिवशी तुम्ही म्हणालात, घरातल्या सगळ्यांना बोलवा. मला वाटलं, औषधं समजावून सांगणार असाल. नवरा आला, दीर आला, सासूबाई आल्या, आणि डबा घेऊन शेजारच्या रेहानाभाभी आल्या होत्या त्याही दारात उभ्या राहिल्या. तुम्ही सगळ्यांना रांगेत उभं केलंत. एकेकानं पुढं यायचं, उजव्या हाताचं बोट प्रज्ञाच्या कानामागच्या उंचवट्यावर ठेवायचं. माझ्या नवऱ्यानं भीत भीत विचारलं, दाबायचं का? तुम्ही म्हणालात, "दाबायचं नाही. दाबून तुम्हाला काही कळणार नाही, मलाही खात्रीनं कळत नाही. नुसतं ठेवा. इथं काय आहे ते बोटाला ठाऊक असू द्या." मग प्रत्येकाकडून म्हणवून घेतलंत. डोकं दुखणं, उलट्या, गुंगी. यातलं काही दिसलं तर? "ओळखत बसायचं नाही. निघायचं." ज्याला म्हणता आलं नाही त्याला परत रांगेत मागं धाडलंत.

सासूबाई काही पुढं येईनात. आजाऱ्याच्या डोक्याला काय हात लावायचा, म्हणून भिंतीला टेकून उभ्या. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि सांगितलंत, आजी, तुमचं बोट लागल्याशिवाय नातीला सोडत नाही, मला काही घाई नाही, दुपारचं जेवण इथंच मागवू. सासूबाईंनी बोट लावलं. पाठोपाठ रेहानाभाभी डबा खाली ठेवून पुढं आल्या. तुम्ही विचारलंत, या कोण? मी म्हटलं, शेजारच्या आहेत, त्यांचं काही नाही. तुम्ही म्हणालात, "शेजारचं तर आधी पाहिजे." आम्ही जिना उतरेपर्यंत मला वाटत होतं, हा माणूस हुशार आहे, पण थोडा चक्रम आहे.

प्रज्ञा चौथीत असताना मला कळलं, चक्रम कोण होतं ते. मार्च सरत आला होता, सकाळची शाळा. मी बार्शीच्या गाडीवर, नवरा वायरिंगच्या कामाला. पोर शाळेतून आली ती उलटी करून आडवी झाली. सासूबाईंनी सोलापुरातली कुठलीही आजी म्हणेल तेच म्हटलं, ऊन लागलंय. कांदा फोडला, पन्हं केलं, ओलं फडकं कपाळावर ठेवलं. त्यांचं काय चुकलं? आमच्याकडं त्या दिवसांत दहा घरांत डोकं दुखतं, दहा घरांत उलट्या होतात आणि दहाही घरांत ते ऊनच असतं. भाभी पातेलं परत द्यायला आल्या. पोर झोपलेली पाहिली, हाक मारली, ती उठेना. त्यांनी सवयीनं तिच्या कानामागं बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अम्मा, धूप-बीप कुछ नै. डाक्टर क्या बोले थे, याद नै? उठाओ बच्ची कू." रिक्षा त्यांनी थांबवली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्ही नळी बदलून बाहेर येत होता.

आणखी उशीर झाला असता तर काय, हे तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुम्ही दुसरंच काहीतरी विचारत होता. कोणी ओळखलं? आई घरी होती? वडील? मग कोण? शेजारीण का? तुम्ही तसेच हातातली टोपी चुरगाळत उभे राहिलात. मी पेढे घेऊन आले त्या दिवशीसुद्धा पेढा हातात धरून तुम्ही तेच विचारलंत.

तुमचं खरं संशोधन तिथून सुरू झालं, असं मी समजते. परिषदेतले लोक वेगळं समजत असतील. तुम्ही मला गाडीत सांगितलं होतंत, नळी का बंद पडते हे जगभर लोक शोधताहेत, शोधू देत, चांगलंच आहे. मला वेगळं शोधायचंय, की नळी बंद पडली तेव्हा पोराजवळ कोण होतं. जी पोरं परत तपासायला आली नाहीत त्यांची गावं तुम्ही धुंडाळायला लागलात. रविवारी यस्टीनं निघायचं, खिशात शेंगाची चटणी आणि कडक भाकरीची पुडी. मला म्हणायचात, कंडक्टरबाई, अमक्या गावाला कुठं उतरायचं? इतका मोठा डॉक्टर आणि हाफ तिकिटाचं वय झाल्यावरही आधी फुल तिकीट मागायचा. मी ओरडले की खो खो हसायचात.

उजनी धरणाच्या पाण्याकाठचं एक गाव माझ्या माहेराजवळचं, म्हणून एका रविवारी मी सुट्टी टाकून तुमच्याबरोबर आले. तुम्ही ऑपरेशन केलेला एक मुलगा तिथं उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडं आला होता आणि तिथंच दगावला होता. केळीच्या बागेशेजारी घर, खाली पाणी उपसणाऱ्या मोटारींचा आवाज. आजीनं आम्हाला पाणी दिलं, चहा टाकला. तुम्ही हळूहळू विचारत गेलात. आदल्या दिवशी पोरगा डोकं दुखतं म्हणाला, मग उलट्या, मग झोपला तो झोपलाच. आजी म्हणाली, "आमाला कुणी सांगितलंच न्हाय की वो, डोस्क्यात नळी हाय म्हनून. लेकीनं बी न्हाय. आमी म्हनलं ऊन लागलंय." लेक कोपऱ्यात डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून बसली होती. तिनं माहेरी सांगितलं नव्हतं, कारण माहेरची माणसं नावं ठेवतील. तुम्ही तिला एक शब्द बोलला नाहीत. चहा सगळा प्यायलात आणि आजीच्या पाया पडलात.

परतताना टेंभुर्णी आली. मग म्हणालात, "पहिला मार कुणाच्या हातात नसतो, बाई. दुसरा मार वाट बघण्याचा असतो. तेवढा एकच आपल्याला चुकवता येतो." हे तुम्ही मोटरसायकलवरून पडून आलेल्या पोरांच्या नातेवाइकांनाही सांगायचात, मी ऐकलं होतं. डोकं आपटतं ते आपटतं, पण नंतर माणसं त्याला मिठी मारून बसतात, तोंडात पाणी ओततात, मान लोंबकळत ट्रॅक्टरमधून आणतात आणि मेंदू पुन्हा दुखावतो. त्या दिवशी मात्र ते वाक्य तुम्ही मला सांगत नव्हता. खिडकीतून उसाकडं बघत स्वतःलाच सांगत होता. दुसऱ्या आठवड्यापासून तुमच्या वॉर्डात नवा नियम झाला, की आजोळच्या माणसांनी बोट लावल्याशिवाय पोराला घरी सोडायचं नाही. लोक वैतागले. मामा लोक रजा टाकून येऊन रांगेत उभे राहू लागले.

तुम्ही हे सगळं परिषदेत मांडलंत तेव्हा कुणीतरी उठून विचारलं म्हणे, यात शस्त्रक्रिया कुठं आहे? मला हे तुम्ही हसत सांगितलंत, पण त्या दिवशी भाकरीची पुडी उघडली नाहीत. मी तिकिटं काढायला पुढं गेले. आता वाटतं, तेव्हाच सांगायला हवं होतं, की डॉक्टर, माझी पोरगी जिवंत आहे ती त्या रांगेमुळं. तुम्हाला ठाऊक होतंच. तरी माणसाला ऐकायला आवडतं.

आता भांडणाचं. प्रज्ञानं बी.फार्म केलं, सात रस्त्याजवळच्या मेडिकल दुकानात ती काम करते, गिऱ्हाइकांना औषध नीट समजावून सांगते, उगाच गोड बोलत नाही. माझ्यावर गेलीय. पहिलं स्थळ आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, सांगा. मी सांगितलं. माणसं चहा पिऊन कळवतो म्हणाली आणि आठवड्यात नात्यात सगळीकडं झालं, पोरीच्या डोक्यात मशीन आहे. पोरीनं वेणी घालायची बंद केली. ऐन उन्हाळ्यात केस मोकळे, कानावरून पुढं ओढलेले, मान घामानं निथळतेय. मी आई आहे डॉक्टर, मला ते रोज दिसत होतं.

म्हणून श्रीपूरचं स्थळ आलं तेव्हा मी ठरवलं, या वेळी सांगायचं नाही. मुलगा अमोल, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, स्वभावानं शांत, पोरीला आवडलेला. लग्न झालं, माणसं कळली, की मग हळूच सांगू. मी तुम्हाला ही आनंदाची बातमी द्यायला आले होते, सल्ला मागायला नव्हे. तुम्ही चष्मा काढलात आणि विचारलंत, "लेकीला सासरी पाठवताय, का मामाच्या गावाला?"

मला ते फार लागलं. मी म्हटलं, मुलाला शुगर असेल, दारू असेल, ते कोण सांगतं? आम्हीच का कायम उघडं पडायचं? पोरीनंच का? तुम्ही म्हणालात, तुमचं बरोबर आहे. मी न्यायाचं बोलत नाही, पाण्याचं बोलतोय. डोक्यातल्या पाण्याला न्याय कळत नाही. मी म्हटलं, तुमची लेक असती म्हणजे कळलं असतं. तुम्हाला मूलबाळ नाही हे सबंध सोलापूरला ठाऊक आहे आणि मी ते बोलले. मी पर्स उचलली आणि निघाले, तर मागून तुमचा आवाज आला, ऊन आहे, डोक्यावर पदर घ्या. तेवढंच शेवटचं बोलणं.

पुढचे काही दिवस गाडीत मी तुमच्यासाठी उत्तरं घोळवत होते. एकाहून एक खमकी. म्हटलं, चार दिवसांनी जाईन, आधी कडाडून भांडेन आणि मग बोलले त्याबद्दल माफी मागेन. ती उत्तरं आता कुणाला देऊ, सांगा.

प्रज्ञा तुम्हाला शेवटचं बघायला आली होती. तुमच्या पायाशी बराच वेळ उभी राहिली. तुम्ही लावलेल्या रांगांमधली कितीतरी माणसं तिथं होती, तिच्यासारखीच कानामागं उंचवटा असलेली, कुणी कॉलेजचं, कुणी कडेवर स्वतःचं लेकरू घेतलेलं. ती घरी आली, हातपाय धुतले आणि मला म्हणाली, "आई, माझं डोकं ओळखणारं एक बोट कमी झालं." मी भांडी घासत होते, घासत राहिले.

त्यानंतरच्या रविवारी श्रीपूरची माणसं आली. अमोल, त्याची आई आणि मावशी. वडील पायाच्या दुखण्यानं आले नव्हते. मी पोह्यावर खोबरं पेरत होते, एवढ्यात प्रज्ञा बाहेर आली. केस वर करून गच्च अंबाडा बांधलेला. दोन्ही कान उघडे. मी डोळ्यांनी खुणावलं, तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पोहे दिले, पाणी दिलं आणि सरळ अमोलच्या आईशेजारी जाऊन बसली. म्हणाली, "काकू, जरा बोट द्या."

त्या बाईंना वाटलं असेल, अंगठी-बिंगठी बघायचीय. त्यांनी हात पुढं केला. प्रज्ञानं तो धरून आपल्या कानामागं नेला आणि तुम्ही सांगायचात तसं सगळं सांगितलं. पाणी, नळी, चौथीत काय झालं ते. कुठंही थांबली नाही, आवाज कापला नाही. मी दारात उभी राहून मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत होते, माझ्या पोरीला फूस लावून गेलात म्हणून. अमोल खाली बघत होता. मावशीनं बशी टेकवली. त्या बाईंनी बोट काढलं नाही. मग विचारलं, "दाबायचं का नुसतं धरायचं?"

"नुसतं ठेवायचं," प्रज्ञा म्हणाली.

त्या कळवतो म्हणूनच गेल्या. खोटं कशाला सांगू, मी त्या रात्री प्रज्ञाशी बोलले नाही. पहिल्या वेळीही कळवतोच म्हणाले होते. तिनं आपली सकाळी वेणी घातली, घट्ट, आणि दुकानात गेली. मानेवर वारा लागत असेल पोरीच्या, एवढं मनात आलं आणि राग थोडा उतरला.

काल दुपारी फोन आला. मी डेपोत होते. अमोलची आई. होकार नाही, नकार नाही, बाईंनी एकदम विचारलं, "ताई, रातभर इचार करतीय. आमच्याकडं मे म्हैन्यात समद्यांचंच डोस्कं दुकतं, समदेच वकतात. मग ऊन लागलंय का नळी, हे वळखायचं कसं वो?"

मी म्हणणार होते, थांबा, डॉक्टरांना विचारून सांगते. तोंडातून 'डॉक्टर' निघालंसुद्धा. मग मला आठवलं. डेपोत गाड्यांचा आवाज, माझ्या नावानं कोणीतरी हाका मारतंय, आणि फोनवर ती बाई उत्तराची वाट बघतेय. मी म्हटलं, "ओळखत बसायचं नाही. निघायचं."

पलीकडं त्यांनी ते एकदा म्हणून बघितलं. वळखत बसायचं न्हाय, निघायचं. मग म्हणाल्या, "बरं. आमच्या मालकांचं बोट राहिलंय अजून. रविवारी घेऊन येते."

डॉक्टर, आम्हीच का सांगायचं, हा माझा मुद्दा मी सोडलेला नाही. पण रविवारी रांग लागणार आहे आमच्याकडं. रेहानाभाभींना सांगून ठेवलंय, पहिलं बोट त्यांचं.